आनेकलच्या वाटेवर तीनदा थांबलेली मोटारसायकल

अनया, निखिल, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, बंगळूरला काय काय पाहिलंस?" कॅनडाच्या फोनची मिनिटं पळत होती, म्हणून मी म्हटलं, सविस्तर लिहून पाठवते. तर लिहिते. लालबाग पाहिली, पण फाटकाबाहेरून. विधानसौध पाहिला, तो चालत्या रिक्षातून. अगदी जवळून, चष्मा पुसून पाहिला तो एका जुन्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर.

मी बंगळूरची हे तुम्हाला ठाऊक आहे. आपले लोक तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर तिकडे गेले आणि तिथलेच झाले. मी लग्न होऊन साताऱ्याला आले, शाळेत विज्ञान शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. माझा धाकटा भाऊ वामन मात्र चामराजपेटेतच राहिला. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याने आयुष्य काढलं. गेल्या दसऱ्यानंतर तीन आठवड्यांनी त्याची बायको सरोजा गेली. तेव्हा मला पोचता आलं नव्हतं.

या वेळी जायचं कारण वेगळं होतं. वामनचा मुलगा श्रीकांत व्हाइटफील्डला एका संगणक कंपनीत आहे. तिकडेच त्याने फ्लॅट घेतला आहे. त्याचं पत्र आलं: "आत्या, अप्पांची गाडी दर खेपेला रस्त्यात बंद पडते. होसूर रोडवर ट्रकांच्या मध्ये ते पाना घेऊन बसलेले असतात. मी गिऱ्हाईक बघितलं आहे, रविवारी येईल. गाडी गेली की ते घरात अडकतील, मग आमच्याकडे येतील. तुमचंच ऐकतील." मी उलट टपाली कळवलं, समजावून सांगते. समजावून सांगणं हा माझा एकतीस वर्षांचा धंदा.

चामराजपेट

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. घरात सुतक नसलं तरी वर्षभर सण नाही, म्हणून आम्ही काही केलं नाही. शेजारच्या पद्मम्मा दाराशी येऊन वाटीभर एळ्ळु-बेल्ल ठेवून गेल्या. आपल्यासारखे लाडू नव्हेत ते. तीळ, गुळाचे बारीक खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे, डाळं असं सगळं सुटं सुटं असतं. आपण म्हणतो गोड बोला. तेही म्हणतात, एळ्ळु-बेल्ल खा आणि चांगलं बोला. हुकूम दोन्हीकडे एकच, फक्त त्यांच्याकडे तो चावून खावा लागतो.

वामन अंगणात होता. अंगण म्हणजे दोन घरांमधली बोळकंडी, तीत मोटारसायकल आणि तिला जोडलेली साइडकार, म्हणजे बाजूला एकाला बसायची होडीसारखी डबी. सरोजाला मागे बसायची भीती वाटायची, म्हणून बावीस वर्षांपूर्वी त्याने ती स्वतः बसवली. गाडी त्याहून जुनी. चकाके मात्र अशी की तिच्यात बघून मी केस सारखे केले.

"अक्का, तू आली ते बरं केलीस. स्वल्प थांब, हात धुतो."

त्याच्या तळहातावर मुठीएवढा ॲल्युमिनियमचा एक भाग होता. हाच कार्ब्युरेटर. टाकीतून नळीने पेट्रोल यात उतरतं, खालच्या वाटीत साठतं, सुईएवढ्या छिद्रातून वर चढतं आणि हवेत मिसळून इंजिनात जातं. त्या छिद्राला जेट म्हणतात. त्यात धुळीचा कण अडकला तरी गाडी उपाशी मरते.

"आठव्यांदा उघडतोय हा," तो म्हणाला. "काही नाही आत. आरशासारखा आहे. तरी मध्येच जीव सोडते. मी साफ करतो, चालू होते. परत अर्ध्या तासात तेच."

"एखाद्या मेकॅनिकला दाखव."

तो हसला. हसणं चांगलं नव्हतं. "कारखान्यात लोक मला मशीन ऐकायला बोलवायचे, अक्का. दार उघडून आत पाऊल टाकलो की सांगायचो, कुठलं बेअरिंग गेलंय. आता माझीच गाडी मला कळत नाही." कार्ब्युरेटर खाली ठेवत म्हणाला, "सरोजा गेल्यावर कान गेले बहुतेक."

मग त्याने मला ते सांगितलं जे श्रीकांतला सांगितलं नव्हतं. रविवारपर्यंत बिघाड सापडला नाही, तर तो गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली देणार होता. हट्ट म्हणून गाडी ठेवायची त्याची तयारी नव्हती. "जी गोष्ट मला दुरुस्त करता येत नाही, ती चालवायचा मला हक्क नाही. सरी? बरोबर ना?"

माझं काम त्यानेच सोपं केलं होतं. मी नुसती गप्प राहिले असते तरी श्रीकांतला दिलेला शब्द पुरा झाला असता. मी म्हटलं, "दर गुरुवारी आनेकलच्या कारखान्यात जातोस ना? या वेळी मीही येते."

होसूर रोड

एकोणसत्तराव्या वर्षी साइडकारमध्ये बसायची रीत अशी: आधी डावा पाय आत, मग निऱ्या आवळून पदर खोचायचा, मग देवाचं नाव घेऊन धपकन बसायचं. बसल्यावर जग कमरेखालचं दिसतं. बसची चाकं, म्हशींची पोटं, लोकांच्या चपला. बंगळूरची जानेवारीतली सकाळ तुमच्या तिकडच्या उन्हाळ्यासारखी. शालीची गरज नव्हती, पण गुंडाळायला बरी वाटत होती.

आठ दहाला निघालो. मला वेळ टिपायची सवय आहे. पिशवीत छोटी वही असतेच. आठ अडतीसला बोम्मनहळ्ळीच्या पुढे इंजिन दोनदा खोकलं, एकदा मागे ओढल्यासारखं झालं आणि थांबलं.

वामनने गाडी कडेला ढकलली. मग त्याचा क्रम सुरू झाला. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं. होतं. झाकण लावलं. पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद केला. कार्ब्युरेटरची वाटी काढली. तीत तळाशी जेमतेम चमचाभर पेट्रोल. "बघ, इथं येतच नाही पुरेसं." जेट काढून तोंडाने फुंकलं, तांब्याची तार फिरवली, प्लग पुसला, सगळं परत बसवलं. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकाबरोबर माझी शाल उडत होती. एक लॉरीवाला कानडीत ओरडून गेला, "अज्जा, अज्जीला बसमध्ये बसव की!"

"अज्जी बसमध्ये जास्त बोलते," वामन त्याच भाषेत ओरडला.

पस्तीस मिनिटं लागली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "जेटमध्येच काहीतरी होतं." त्याच्या आवाजात आशा होती. मला तिची भीती वाटली.

सत्तावीस मिनिटांनी चंदापूरच्या अलीकडे पुन्हा तेच. झाकण, वाटी, जेट, प्लग. या वेळी वाटी त्याने दोनदा पुसली. मी मनात वाक्य तयार केलं: वामन, पुरे झालं, श्रीकांत तुझ्या भल्याचंच सांगतो. तयार केलं, पण रस्त्याच्या कडेला नको, संध्याकाळी बोलू, असं ठरवून ठेवून दिलं.

आनेकल

आनेकल म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही. नाचणीच्या शेताला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये लेथ, बाहेर कामगारांच्या सायकली. तिथे रामय्याचा छोटा कारखाना आहे. हा रामय्या कधीकाळी वामनच्या हाताखाली शिकला, आता स्वतःच चाळिशी ओलांडून पोट सुटलेला मालक आहे. दर गुरुवारी वामन तिथे जातो, पगारासाठी नव्हे. अडलेलं काम त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

"बा गुरू, या!" रामय्या दारात आला. "अकरा वाजले! गाडीने रस्त्यात विश्रांती घेतली का?" माझ्याकडे वळून म्हणाला, "अक्का, आता आम्ही नाचणीचे मुद्दे उशिराच रांधतो. यांची गाडी ठरवते आमचं जेवण."

वामन लेथजवळ गेला. मी स्टुलावर बसले. चालू यंत्राजवळ तो मान किंचित कलती करून उभा राहिला, जसा लहानपणी बाबांच्या सायकलची घंटी ऐकायला उभा राहायचा. दोन मिनिटांनी त्याने यंत्र बंद करायला लावलं, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथं सैल आहे, केसभर." कामगाराने पाना लावला. खरंच सैल होतं.

कान गेलेला माणूस हा नव्हे. मी साताऱ्याहून केलेलं निदान तिथेच डळमळलं. पण मग त्याची स्वतःची गाडी त्याला का ऐकू येत नव्हती?

जेवायला नाचणीचा मुद्दा आणि अवरेकाळूचं सारू. मुद्दा म्हणजे मोठ्या लाडवाएवढा वाफाळता गोळा. तो चावायचा नसतो, तुकडा मोडून सारात बुडवून गिळायचा. मी सवयीने चावला आणि सगळे हसले. अवरेकाळू म्हणजे आपल्या पावट्याचा भाऊ. जानेवारीत अख्खं शहर तो सोलत असतं. भिजवून वरची साल चिमटीने काढतात, मग आतली डाळ लोण्यासारखी शिजते. रामय्याच्या बायकोने मला तिसऱ्यांदा वाढलं.

वामन हात धुवायला गेला तेव्हा रामय्या हळूच म्हणाला, "अक्का, गाडी विकणार म्हणे. मग गुरुवारचं काय? दोन बसेस बदलून हे येतील?" मी म्हटलं, बघू. मुख्याध्यापिकेला उत्तर येत नसलं की ती बघू म्हणते.

जेवणानंतर मी वही काढली आणि दोन्ही वेळा वामनने काय काय केलं ते क्रमाने लिहिलं. शाळेत मी मुलींना एकच गोष्ट घोकून घेत असे: प्रयोगात एका वेळी एकच बदल करा. वामन प्रत्येक वेळी सात गोष्टी करत होता आणि श्रेय पाचव्या गोष्टीला, जेटला, देत होता. कारण जेट अवघड होतं, आणि अवघड तेच महत्त्वाचं असं कुशल माणसाला वाटतं. पण क्रमात पहिली गोष्ट कोणती होती? झाकण उघडून आत बघणं. ते त्याने मोजलंच नव्हतं.

जिगणीची वाट

परतताना ट्रक नकोत म्हणून जिगणीवरून आलो. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं, मध्येच कोबीचे वाफे, रस्ता शांत. एकोणतीस मिनिटांनी बन्नेरघट्ट्याच्या अलीकडे गाडी खोकली आणि थांबली. वामन उतरला. पान्यांची गुंडाळी सोडायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "आता काही खोलू नकोस."

"मग काय आरती करू?"

"टाकीचं झाकण उघड. परत लाव. आणि किक मार."

"पेट्रोल आहे, अक्का. हे बघ, हलवतो, चळचळतंय."

"असू दे. उघड."

"तू साताऱ्यात पोरींना हायड्रोजन शिकवलीस म्हणून मला—"

"वामन."

तो थोरल्या बहिणीला अजून घाबरतो. त्याने झाकण फिरवलं आणि त्या शांततेत आवाज आला: स्सुप्. कुणीतरी दात आवळून श्वास आत ओढावा तसा. वामन जागच्या जागी थांबला. मग झाकण लावलं आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

त्याने ती लगेच बंद केली. "ऐकलीस?"

"ऐकलं."

"मीही ऐकलो," तो म्हणाला. मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या गोंगाटात तो आवाज त्याला कधी ऐकूच आला नव्हता.

तुम्हाला हे असं समजेल. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट ओतलं जात नाही. दुसरं पाडावं लागतं, हवा आत जायला. टाकीचंही तसंच. पेट्रोल खाली उतरलं की रिकाम्या जागेत हवा यावी म्हणून झाकणाला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल हळूहळू उतरायचं थांबतं. अर्ध्या तासात कार्ब्युरेटर कोरडा. झाकण उघडलं की हवा शिरते आणि सगळं ठीक होतं. बिचारा कार्ब्युरेटर दहा वेळा विनाकारण अंघोळ करून आला होता.

वामनने झाकण उलटं करून पाहिलं. खालून छिद्र दिसत होतं. सुलटं केलं. वर गंध आणि कुंकवाचा जाड, कडक झालेला थर होता. सकाळपासून मी तो पाहत होते. तिकडे दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळ्या गाड्यांना गंध लावतात, त्यामुळे त्यात नवल वाटलं नव्हतं. नवल आता वाटलं. चाकांच्या तारेनतारेला पॉलिश करणाऱ्या वामनने हे तीन-साडेतीन महिने तसंच ठेवलं होतं.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "दरवर्षी सरोजा पुढच्या दिव्याला लावायची आणि चाकांना. या वर्षी वाकता येत नव्हतं. तिथंच उभी राहिली, हात पोचला तिथं लावली."

त्याने झाकण तळहातावर फिरवलं.

"धुताना मी ह्याच्या भोवतीनं फडकं फिरवायचो."

मी बांगडीतली पिन काढून पुढे केली. "हिने नुसतं भोक मोकळं कर. बाकीचं राहू दे तसंच."

त्याने पिन घेतली. झाकण उन्हात धरून बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. "भुगा होईल, अक्का. हादऱ्यानं आत पडेल. परत बुजेल, नाहीतर टाकीत जाईल. अर्धं काम झालं ते."

"मग घरी जाऊन कर. आज नको."

"घरी गेलो तर मी करणार नाही."

पान्यांच्या गुंडाळीत फडकं होतं. ते त्याने घेतलं नाही. खिशातला धुतलेला रुमाल काढला, माझ्या बाटलीतल्या पाण्याने ओला केला आणि झाकणावर नुसता ठेवला. थर मऊ व्हायला वेळ लागला. मग एका बाजूने, घाई न करता, पुसत गेला. पाणी लाल झालं, मग गुलाबी. शेवटी पिनेने छिद्र मोकळं केलं, तोंड लावून फुंकलं आणि पलीकडे माझ्या तळव्यावर वारा लागतो का ते विचारलं. लागत होता. रुमाल घडी करून त्याने वरच्या खिशात ठेवला.

पुढे मी घड्याळाकडेच बघत होते. अठ्ठाविसावं मिनिट गेलं. तिसावं गेलं. लालबागेचं फाटक आलं आणि मागे पडलं. माझं तयार करून ठेवलेलं वाक्य कुठे पडलं ते मला कळलं नाही.

रविवार

गिऱ्हाईक दहाला येणार होतं, श्रीकांत नऊला आला. मी त्याला सगळं सांगितलं. गंधाचंही. तो उठून अंगणात गेला, झाकणावरून बोट फिरवलं. परत येऊन म्हणाला, "पण आत्या, बिघाड सापडला तुम्हाला. अप्पांना नाही."

वामन चुलीपाशी कापी, म्हणजे आपली कॉफी, गाळत होता. "बरोबर आहे," तो तिथूनच म्हणाला.

"उद्या एकटे असताना आणखी काही झालं तर?"

"होईल की. जुनी गाडी आहे. जुना माणूस आहे."

श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. शब्द दिलेली आत्या समोर बसली होती. मी म्हटलं, "श्रीकांत, मी तुझ्या बाजूने बोलायला आले होते. ते मी करणार नाही. गाडी बंद पडते हे तुझं खरं आहे, पण तू दर वेळी लांबूनच पाहिलंस. मीही साताऱ्यातूनच ठरवलं होतं."

वामनने पेला त्याच्यापुढे ठेवला. "गुरुवारी रजा काढ. तू चालव. रस्त्यात ही बंद पडली आणि तुला वाटलं विकावी, तर विक. मी काही बोलणार नाही."

श्रीकांतने कापी अर्धी प्यायली आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून गिऱ्हाइकाला फोन करून आला: आठ दिवस थांबा.

मंगळवारच्या गाडीने मी निघाले, त्यामुळे तो गुरुवार मी पाहिला नाही. काल श्रीकांतचं पत्र आलं. ते लांब आहे, थोडक्यात सांगते.

जाताना चंदापूरपर्यंत गाडी कुठेही बंद पडली नाही. तिथे दोघं कापी प्यायले. वामनने सवयीने उतरताना पेट्रोलचा कॉक बंद केला होता. श्रीकांतने निघताना तो उघडला नाही. वाटीत होतं तेवढ्यावर गाडी काही अंतर गेली आणि एका चिंचेखाली बंद पडली. श्रीकांतने झाकण उघडलं; छिद्र मोकळं. प्लग काढला, पुसला. वाटी काढली, कोरडी. जेट फुंकलं. शर्ट काळा झाला. वामन साइडकारमध्ये हातपाय आवरून बसून होता, पेपर वाचत. एकदाही मान वर केली नाही. पाऊण तासाने श्रीकांतच्या बोटाला कॉक लागला.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, अप्पा?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

वामन म्हणाला, "गाडी तुझ्या हातात होती. आणि मला इथून कधी बघायला मिळालं नव्हतं. बावीस वर्षं तुझी आई इथं बसून काय बघायची, ते आज बघितलो."

त्यांना आनेकलला पोचायला उशीर झाला. गिऱ्हाइकाला श्रीकांतने नको म्हणून कळवलं आहे.